मी 'हेस्टरचा उशीर' बोलतेय

गुरुवार होता, मार्च महिना, साल एकोणीसशे त्रेपन्न, आणि सकाळचे आठ वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. स्वतःच्या जन्माची वेळ मला इतकी नेमकी कशी ठाऊक, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण असं की, त्याच क्षणी मिल एंड वस्तीतल्या शेवटच्या घराच्या दारात एक आई कमरेवर हात ठेवून सांगत होती, "हेस्टर, आठ एकेचाळीस झालेत. आठ एकेचाळीस. आता पंख लाव आणि जा."

मी पायवाट बोलतेय. टॅरो नदीच्या खोऱ्यात, पांढऱ्या टेकडीवरून मिल एंडहून लिडकोम गावच्या शाळेत जाणारी. पंधरा मिनिटांची, दोन माणसं शेजारी चालली तर एकाला गवतातून चालावं लागेल एवढीच रुंद.

त्या दिवशी हेस्टरचा डाव्या पायाचा मोजा सापडत नव्हता. शेवटी तो कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला. मोज्यात अंडंही होतं म्हणतात, पण ते हेस्टरनं नंतर घातलेलं तिखटमीठ असावं. शाळेची घंटा नऊला व्हायची. रस्ता नदीच्या कडेकडेनं, गिरणीला वळसा घालून जायचा, पाऊण तासाचा. सहा वर्षांच्या हेस्टरनं रस्त्याकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं, आणि कुंपणाच्या झुडपांत कोल्ह्यानं पाडलेल्या भोकातून डोकं घातलं. मग सरळ वर पळत सुटली.

ती पळाली तिथं गवत झोपलं. तीच मी.

म्हणजे बघा, माझा जन्म झाला तेव्हा माझी आई सहा वर्षांची होती, तिच्या नाकाला शेंबूड होता आणि तिला उशीर झाला होता.

ती नऊला दोन मिनिटं कमी असताना शाळेत पोचली. बाईंनी तिच्या बुटांकडे बघितलं. पांढरेफटक. कारण आमची टेकडी खडूची आहे. फळ्यावर लिहितात ना, तोच खडू. वर वीतभर माती नि गवत, आणि खाली सगळा डोंगरच्या डोंगर खडू. गवत जरा झिजलं की पांढरं उघडं पडतं. बाई म्हणाल्या, "हेस्टर, तू टेकडीवरून आलीस." हेस्टर म्हणाली, "नाही बाई." आणि तिच्या मागे दारापासून बाकापर्यंत पांढरी पावलं उमटलेली. त्या दिवसापासून आमच्याकडच्या मुलांना खोटं बोलायची सोयच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या मागे चार मुलं आली. आठवड्यात अकरा. पावसाळी दिवसांत शाळेच्या मागच्या दाराशी ओळीनं पांढरे बूट काढून ठेवलेले असायचे, आणि मुलं मोज्यांवर वर्गात बसायची. गावानं माझं बारसंही करून टाकलं. कुणी विचारलं, कुठून आलास रे, तर उत्तर यायचं, "हेस्टरच्या उशिरानं आलो." तेच नाव चिकटलं. बाई असून माझं नाव 'उशीर' आहे, आणि मला ते आवडतं.

ती टेकडी जॅक स्टिकलंड नावाच्या शेतकऱ्याची. तेव्हा तो पंचविशीचा होता, मेंढ्या राखायचा आणि बोलायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा त्याच्या. आपल्या कुरणातून मुलांची रांग जाते आहे हे त्यानं पहिल्याच आठवड्यात बघितलं. सगळ्यांना वाटलं, आता ओरडणार. तो कुंपणाला टेकून उभा राहिला, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "ओलं आहे."

हेस्टर म्हणाली, "ओलंच आहे."

बस. एवढंच. पुढं महिन्याभरात त्या कोल्ह्याच्या भोकापाशी त्यानं कुंपण ओलांडायला लाकडाची पायरी ठोकली: दोन फळ्या आणि धरायला एक खुंट. कुणाला 'जा' म्हणाला नाही, 'जाऊ नका' म्हणाला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझे ते दिवस फार सुखाचे. माणसांचं मला एक नवल वाटतं. हीच माणसं गावात रस्त्यावर एकमेकांना ओळखही देत नाहीत, दुकानात एकमेकांच्या पाठीकडे बघत रांगेत उभी राहतात. पण माझ्या अंगावर आली की समोरच्याला काहीतरी सांगितल्याशिवाय पुढं जात नाहीत. "खालच्या बाजूला घसरडं आहे हं." "वर वारा आहे, टोपी धरा." "मेंढी व्यायली आहे, कुत्रं बांधा." ऐकणारा मान डोलावतो आणि पुढं ज्याला भेटेल त्याला तेच सांगतो. अशी बातमी मिल एंडहून निघून लिडकोमला माणसांच्या आधी पोचते. आमच्या खोऱ्याची ही रीतच आहे: वाटेची खबर स्वतःजवळ ठेवायची नाही.

एक गृहस्थ रोज सायंकाळी यायचे आणि आपल्या साहेबाला जे बोलायचं ते मला बोलायचे. वर टेकडीच्या माथ्यावर पोचेपर्यंत साहेबाची पुरती चंपी झालेली असायची. मग खाली उतरताना शीळ घालायचे. दोघांनी माझ्यावर लग्न ठरवलं, एकानं मोडलं. ब्लॅकबेरी पिकल्या की बायका डबे घेऊन यायच्या आणि डब्यात कमी, तोंडात जास्त घालायच्या. चंडोल वर उभा चढत जाऊन गात असायचा. मी पांढरी, झिजलेली, मधोमध जरा खोल. पावसानं धुतली की दुरून टेकडीवर कुणी खडूनं रेघ ओढल्यासारखी दिसायचे.

मग बस सुरू झाली, मग मोटारी आल्या. मुलं खिडकीतून मला हात करायची, आणि काही वर्षांनी तेही थांबलं. माणूस चालेना की आम्हा वाटांचं काय होतं ठाऊक आहे? कुणी मारत नाही आम्हाला. गवत येतं. आधी कडांनी, मग मधून. झोपेत कुणी पांघरूण घालावं तसं ते वर येतं आणि आपल्याला बरंही वाटतं. तेच वाईट.

गाव अधूनमधून यायचं. सुट्टीच्या दिवशी, कुत्र्यांबरोबर, पाहुण्यांना टेकडी दाखवायला. पण रोज नेमानं आली ती एकच. हेस्टर मोठी झाली, लग्न होऊन मिसेस प्रॅग्नेल झाली, आणि त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. तेहेतीस वर्षं मुलांना बटाटे आणि कस्टर्ड वाढलं. सगळं गाव तिला 'मिसेस पी' म्हणतं. सकाळी जाताना, दुपारी येताना, दिवसातून दोनदा तिचे पाय माझ्यावर पडले. निवृत्त झाली तरी येत राहिली. विचारलं तर म्हणायची, "उशीर झाला तर?" कशाला उशीर, ते तिलाही सांगता यायचं नाही.

जॅक स्टिकलंडही म्हातारा झाला. कुंपणाला टेकून म्हणायचा, "ओलं आहे." ती म्हणायची, "ओलंच आहे." उन्हाळ्यात म्हणायचा, "कोरडं आहे." साठ वर्षं त्यांचं एवढंच बोलणं झालं. तो गेला तेव्हा हेस्टर त्याच्या पायरीवर बसून बराच वेळ रडली.

आता कीलीची गोष्ट सांगते. माझ्या आयुष्यातली मोठी भानगड तिच्यामुळेच सुटली.

कीली बडन ही मिल एंडला राहायला आलेली तरुण पोर. नवरा पहाटे गाडीवर सामान पोचवायला जातो, म्हणजे घरातली एकमेव गाडी गेली. मुलगी रॉबिन, पाच वर्षांची, नुकतीच शाळेत जायला लागलेली. कीलीचा स्वभाव काळजीचा. मुलगी शिंकली की तिला सर्दी दिसायची, खोकली की दवाखाना. पण एक काळजी मात्र अगदी खरी होती: नदीकडचा रस्ता. त्याला कडेला पाऊल ठेवायला जागा नाही, दोन्ही बाजूंना उंच कुंपण, आणि पलीकडं खाण निघाल्यापासून खडीचे ट्रक भरून जातात.

ऑक्टोबरातली एक सकाळ. एक ट्रक वळणावरून आला. त्याच्या बाजूला एक पट्टा सुटून लोंबत होता. कीलीनं मुलीला कुंपणात दाबून धरलं. ट्रक गेला, आणि रॉबिनच्या टोपीवरचा लाल गोंडा नव्हता. तो चाळीस पावलांवर डबक्यात सापडला. पट्टा चार बोटं खाली असता तर, हे कीली त्या दिवशी कुणाशीच बोलली नाही. गोंडा उचलला, पिळला आणि कोटाच्या खिशात टाकला. शाळेपर्यंत ती मुलीला गाणं म्हणून दाखवत होती.

माझ्या तोंडाशी, पायरीपाशी, हेस्टरनं तिला परत येताना गाठलं.

"पोरी, तुझा रंग उडालाय. चहा झाला का?"

"मी ठीक आहे, मिसेस पी."

"ठीक असलेली माणसं अशी उभी राहत नाहीत. काय झालं?"

कीलीनं खिशातून गोंडा काढून दाखवला. हेस्टरनं तो बघितला, ट्रकच्या रस्त्याकडे बघितलं.

"उद्यापासून माझ्या उशिरानं यायचं," ती म्हणाली. "आठ एकेचाळीसला पायरीपाशी. बूट पांढरे होतील, त्याला इलाज नाही."

त्यानंतरची दीड वर्षं मी पुन्हा तरुण झाले. रॉबिन माझ्यावरून उड्या मारत जायची, गारगोट्या खिशात भरायची, मेंढ्यांना नावं द्यायची. तिच्या मागे मिल एंडमधली आणखी पाच-सहा मुलं आली. गवत मागं हटलं. कीलीही मोकळं बोलायला लागली. टेकडीवरून जाताना तिचा एक हात खिशात गोंड्यावर असायचा, पण चेहरा सैल झालेला.

आणि मग जॅकच्या मुलांनी शेत विकलं. ती दोघं ऑस्ट्रेलियात, त्यांना मेंढ्यांचं काय? घेतलं मिस्टर ॲलरडाइस यांनी. शहरातून आलेले, सडपातळ, हिरवे बूट कोरे करकरीत. त्यांना या उतारावर द्राक्षं लावायची होती. खडूची जमीन द्राक्षाला मानवते म्हणतात. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. पण द्राक्षाच्या ओळी नकाशावर सरळ काढलेल्या आणि मी तिरकी. शिवाय त्यांच्या कागदपत्रांत मी कुठंच नव्हते. जॅकनं कधी लिहून ठेवलं नव्हतं आणि सरकारच्या नकाशातही माझी रेघ नव्हती. कोण काढणार? मी तर एका मुलीचा उशीर.

एका सोमवारी सकाळी पायरीवर तार गुंडाळलेली आणि पाटी लावलेली: 'सॉरी, इथून वाट नाही.'

आठ एकेचाळीसला सगळे माझ्या तोंडाशी येऊन थांबले. रॉबिननं विचारलं, "आई, वाट कुठं गेली?" कीलीनं तिचा हात घट्ट धरला. खालून ट्रकचा आवाज येत होता.

गावच्या समितीची चिटणीस मिस टूप. नाकावर चष्मा, बरोबर कायम एक फुगलेली फाइल. ती दुसऱ्या दिवशी जागा बघायला आली आणि तारेपाशीच तिनं समजावून सांगितलं. तेव्हा मला माझंच नवीन काहीतरी कळलं.

"कायदा साधा आहे," ती म्हणाली. "लोक वीस वर्षं एखाद्या वाटेनं चालले, उघडपणे, काही न मोडता आणि कुणाची परवानगी न मागता, तर ती वाट लोकांची होते."

"परवानगी न मागता?" कीली म्हणाली. "म्हणजे मागितली असती तर?"

"तर संपलं. मग ती मालकाची मेहरबानी ठरते. आज दिली, उद्या काढली."

"हे म्हणजे उलटंच झालं."

"कायदा आहे," मिस टूप म्हणाली. "चालल्याचे साक्षीदार गोळा करा. आणि कुणी कधी मालकाला विचारलं नव्हतं, एवढं फक्त पक्कं हवं."

कीली कामाला लागली. सातवीतल्या मुलीनं गृहपाठ करावा तशी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून फॉर्म भरायची, असं हेस्टर सांगायची. दारोदार फिरली. साहेबाची चंपी करणारे गृहस्थ आता काठी टेकत चालतात, त्यांनी लिहून दिलं. लग्न मोडलेल्या माणसानंही दिलं. एकतीस फॉर्म झाले. रोज सकाळी ट्रक टाळायला कीली आणि हेस्टर माझ्या तोंडाशी तारेला पाठ लावून उभ्या राहायच्या, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

आणि एक दिवस हेस्टर म्हणाली, "पोरी, माझ्या हातून एक झालंय."

"काय?"

"मी त्या ॲलरडाइसना सॉरी म्हटलंय."

कीली म्हणाली, "कधी?"

"ते नवीन आले तेव्हा. टेकडीवर समोर आले, मी म्हटलं सॉरी, आणि बाजूला झाले. परत भेटले, परत म्हटलं. त्यांनी वहीत लिहून ठेवलंय म्हणे, तारखांसकट. त्यांचा वकील म्हणतोय, बाईंना आपण परक्याच्या जमिनीत आहोत हे ठाऊक होतं, म्हणून माफी मागितली. म्हणजे परवानगी मागितल्यासारखंच."

"किती वेळा म्हणालात?"

"भेटले तेवढ्या वेळा."

"मिसेस पी," कीली म्हणाली, "काल तुम्ही माझ्या कचऱ्याच्या डब्याला सॉरी म्हणालात."

"धक्का लागला होता त्याला."

दोघी हसायला लागल्या, पण कीलीचं हसू अर्ध्यावर आटलं. हेस्टर आपल्या बुटांकडे बघत राहिली. किती दिवसांत ते पांढरे झाले नव्हते. "जन्म दिला मी, आणि घालवणारही मीच," ती म्हणाली. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. तार नसती तर मी तिच्या पायांखाली सरकले असते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सुनावणी झाली, गावच्या सभागृहात. सरकारनं एक निरीक्षक बाई पाठवल्या होत्या. उंच, पावसाळी कोट घातलेल्या, कमी बोलणाऱ्या. सकाळचं सगळं मी नंतर कीलीच्या तोंडून ऐकलं. मोठ्या किटलीत चहा होता, बिस्किटं होती, आणि दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना 'आधी तुम्ही घ्या' म्हणत उभी होती, त्यामुळे चहा गार झाला. मग हेस्टरला पुढं बोलावलं. वकीलसाहेबांनी विचारलं:

"जॅक स्टिकलंड यांनी तुम्हाला जायची परवानगी दिली होती का?"

"नाही."

"मग ते काय म्हणायचे?"

"ओलं आहे."

"आणि तुम्ही?"

"ओलंच आहे म्हणायचे. ओलं असायचं."

मागं कुणीतरी हसलं. वकीलसाहेब हसले नाहीत. "आणि मिस्टर ॲलरडाइसना तुम्ही काय म्हणालात?"

"सॉरी."

"का?"

"ते समोर आले म्हणून."

"म्हणजे आपण तिथं असायला नको होतं, हे तुम्हाला पटलेलं होतं."

हेस्टर काही खोटं बोलणारी नाही, आणि उलटून बोलणारी तर नाहीच. ती म्हणाली, "सॉरी, मला नीट सांगता येत नाही." वकीलसाहेबांनी ते पण लिहून घेतलं. कीली म्हणते, त्या वेळी खिशातला गोंडा तिनं इतका आवळला की त्याचे धागे निघाले.

दुपारी साडेतीनला सगळे वाट बघायला आले. म्हणजे मलाच. तार तेवढ्यापुरती काढली होती. सकाळी पावसाची सर येऊन गेली होती आणि मी चांगलीच ओली होते. निरीक्षक बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "इथं कुणी बाजू मांडायची नाही. मला काही ऐकायचं नाही, फक्त चालून बघायचंय."

पुढं त्या, मागं मिस्टर ॲलरडाइस, वकीलसाहेब, हेस्टर, कीली आणि शाळेतून परस्पर आणलेली रॉबिन. शेवटी मिस टूप आपल्या फाइलसकट. कितीतरी महिन्यांनी माझ्यावर एवढे पाय. वकीलसाहेबांचे बूट काळे, चकचकीत. टेकडीच्या मध्यावर येईपर्यंत ते हेस्टरच्या बुटांसारखेच दिसायला लागले. खडू कुणाचा हुद्दा बघत नाही.

लिडकोमच्या बाजूलाही जॅकनं ठोकलेली तशीच एक पायरी आहे. तिथं नेहमीचा घोळ झाला. निरीक्षक बाई ॲलरडाइसना म्हणाल्या, "आधी तुम्ही." ते म्हणाले, "नाही नाही, तुम्ही." वकीलसाहेब दोघांना वाट द्यायला एक पाऊल मागं सरले, आणि त्यांची टाच नेमकी हेस्टरच्या पायाच्या बोटांवर पडली. चांगली भरभक्कम टाच.

हेस्टर म्हणाली, "सॉरी."

वकीलसाहेब मागं न बघता म्हणाले, "काही हरकत नाही."

आणि उभेच राहिले. तिच्या पायावर.

हेस्टरनं जरा वाट बघितली. मग अगदी हळू, त्यांना राग येऊ नये म्हणून, पुन्हा म्हणाली, "सॉरी हं."

"नाही नाही, काही हरकत नाही," वकीलसाहेब म्हणाले.

खालच्या कुरणात एक मेंढी खोकली. निरीक्षक बाई वळून बघत होत्या; आधी वकीलसाहेबांच्या चेहऱ्याकडे, मग त्यांच्या टाचेकडे.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही बाईंच्या पायावर उभे आहात."

वकीलसाहेब दचकून बाजूला झाले, त्यांचा कोपर ॲलरडाइसना लागला. ॲलरडाइस म्हणाले, "सॉरी." म्हणजे ज्यांना लागला, तेच. मिस टूपच्या फाइलमधून कागद सांडले, ती कागदांना सॉरी म्हणाली. निरीक्षक बाईंचा कोट काटेरी झुडपात अडकला, त्यांनी तो सोडवला, आणि मी अगदी जवळून ऐकलं, त्याही झुडपाला पुटपुटल्या, "सॉरी."

मग त्या थबकल्या. वही काढली. काहीतरी लिहिलं, दोनच ओळी असतील. पायरी चढताना त्यांनी तोंड पलीकडं फिरवलं होतं आणि खांदे हलत होते.

निकाल यायला हिवाळा गेला. ते चार-पाच महिने मी कसे काढले ते विचारू नका. कीली रोज रस्त्यानं, मुलीला आतल्या बाजूला धरून, ट्रक आला की माझ्या तोंडाशी घुसून. हेस्टर रोज तिच्याबरोबर. थंडीत, गुडघा दुखत असताना. कीली म्हणायची, "तुम्ही कशाला येता, मिसेस पी?" ती म्हणायची, "दोन माणसं असली की ट्रकवाल्याला दिसतात."

मार्चमध्ये, पुन्हा गुरुवारीच, मिस टूप मिल एंडहून जवळजवळ पळत आली. तिला पळताना कुणी बघितलं नव्हतं. तारेपाशी उभं राहून तिनं कीली आणि हेस्टरला मोठ्यानं वाचून दाखवलं. कागद लांबलचक होता. मला कळलं ते एवढंच: एकतीस माणसं चालली, उघडपणे चालली, न विचारता चालली, आणि मग हे वाक्य. ते मी पाठ केलंय: "टॅरो नदीच्या खोऱ्यात कुणी सॉरी म्हटलं, एवढ्यावरून त्यानं हक्क सोडला असा अर्थ काढणं मला योग्य वाटत नाही, स्थळ पाहताना मला याचा पुरेसा अनुभव आला."

कीलीनं कागद हातात घेऊन तेच वाक्य पुन्हा वाचलं. हेस्टर म्हणाली, "म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगा."

"म्हणजे वाट तुमची," मिस टूप म्हणाली. "सगळ्यांची. नकाशात रेघ येणार."

"नाव काय घालणार?"

"नाव असतंच असं नाही. पण मी लिहून पाठवलंय."

ॲलरडाइस आठवडाभर दिसले नाहीत. मग एका सकाळी स्वतःच पक्कड घेऊन आले आणि तार काढायला लागले. द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये त्यांनी माझ्यापुरती तिरकी जागा सोडली आहे, आणि जॅकच्या मोडक्या पायरीच्या जागी छोटं फाटक बसवलंय, हेस्टरच्या गुडघ्यासाठी. कडी मात्र खाली लावली आहे, रॉबिनच्या हाताला लागेल अशी. त्या वेळी हेस्टर तिथं आली. ते गोरेमोरे झाले. "सॉरी," म्हणाले.

हेस्टरनं आभाळाकडे बघितलं. "ओलं आहे," ती म्हणाली.

त्यांना कळेना. ते तिच्याकडे बघत राहिले, पक्कड हातात. ती थांबली. तिला उशीर होत होता तरी थांबली.

"ओलंच आहे," ते शेवटी म्हणाले.

"झालं तर मग," हेस्टर म्हणाली आणि फाटकातून माझ्यावर आली. मागं रॉबिन, टोपीवर लाल गोंडा शिवलेला, जरा वाकडा. टाके मोठमोठे होते. कीली शिवणकामात काही खास नाही.

आता मी बहात्तर वर्षांची आहे. हेस्टर दोन काठ्या घेऊन चालते. मला तिच्या पायांबरोबर काठ्यांचीही दोन भोकं पडतात. टेकडीच्या माथ्यावर ती टेकते, मुलं तिच्याभोवती थांबतात, आणि ती मोज्यातल्या अंड्याची गोष्ट सांगते. दर वर्षी अंडी वाढतात. द्राक्षं अजून आंबट आहेत असं ॲलरडाइस सांगतात. पण ते रोज सकाळी माझ्यावरून फेरी मारतात आणि त्यांचे हिरवे बूट आता पांढरे झालेत.

मला एवढंच सांगायचं होतं. नकाशातल्या रेघेनं मी जिवंत राहत नाही. रेघेवर गवत येत नाही, माझ्यावर येतं. तेव्हा तुमच्याकडंही कुठं अशी कुणाच्या घाईनं पडलेली वाट असेल, तर कुणाला विचारत बसू नका. चाला. आणि खोऱ्याची रीत आहे तशी, ही खबर स्वतःजवळ ठेवू नका. पुढं जो भेटेल त्याला सांगा, त्याला म्हणावं त्याच्या पुढच्याला सांग: खाली फाटकापाशी जरा घसरडं आहे, मुलांचा हात धरा. वर कोरडं आहे. वाट उघडी आहे.